लाइनमनची हजेरी

'लाइनमन' हा शब्द आयुष्याची पहिली अठ्ठावीस वर्षं मी एकाच अर्थाने ऐकला. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, सायकलच्या दांडीला अडकवलेली पक्कड आणि कॅरिअरवर दोराचं वेटोळं. आमचे अण्णा वीज खात्यात लाइनमन होते, सांगोल्याला. पावसाळ्यात ते जेवायला बसले की हमखास दारात कुणीतरी उभं. "अण्णा, डीपीवर जाळ झालाय." "अण्णा, आमच्या बाजूचा डिओ फ्यूज पडला." अण्णा उठायचे, आई ताट झाकून ठेवायची. तासा-दीड तासाने सगळ्या गल्लीतून एकदम "आssली!" असा ओरडा व्हायचा आणि आई ताटावरचं झाकण काढून आमटी गरम करायला घ्यायची. अण्णा घरी पोचायला अजून दहा मिनिटं असायची, पण तिला घड्याळाची गरज नव्हती.

लाइट आल्यावर लाइनमनचं नाव कुणी घेत नाही. गेल्यावर मात्र शेंबड्या पोरालाही त्याचं घर ठाऊक असतं.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी ओहायोतल्या क्लीव्हलँडला आलो. शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी तिथलाच, जन्मापासूनचा. सप्टेंबर लागला तसा तो दर सोमवारी तोंड पाडून यायला लागला. चौकशी केली तर म्हणाला, काल हरलो. पुढच्या सोमवारीही तेच. मला वाटलं हा कुठे क्लबात वगैरे खेळतो. मग कळलं की 'आम्ही' म्हणजे ब्राउन्स, शहराचा फुटबॉल संघ. एका सोमवारी मी सांत्वनाचं काहीतरी बोललो, तर तो एकदम ताठ बसला आणि म्हणाला, "हरलो खरं, पण जगातला सर्वोत्तम लाइनमन आमच्याकडे आहे."

मी चमकलो. त्यातून त्या वर्षी त्यांच्या स्टेडियमला एका वीज कंपनीचं नाव दिलेलं होतं, त्यामुळे दोन मिनिटं आमचा संवाद भलतीकडेच गेला. मी खांबांबद्दल बोलत होतो, तो 'जो थॉमस' नावाच्या त्यांच्या खेळाडूबद्दल.

त्या रविवारी पहिल्यांदा मी ठरवून सामना बघितला. अमेरिकन फुटबॉल आपल्या माणसाला पहिल्या फटक्यात कळत नाही. दोन बाजूंना अकरा-अकरा जण, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, पाच सेकंद धुमश्चक्री आणि मग पुन्हा सगळे उभे राहून गप्पा मारतायत असं वाटतं. चेंडू एक जण दोन पायांच्या मधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तो देणारा मधला माणूस सेंटर. त्याच्या दोन्ही अंगांना दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. ही पाच जणांची भिंत म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू घेणारा क्वार्टरबॅक भिंतीमागे उभा राहतो आणि अडीच-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचं ते ठरवतो. तेवढा वेळ समोरून येणारे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी थोपवून धरायचे, हे या पाच जणांचं काम. पुढे फेकलेला पास झेलायचा हक्क त्यांना नाही. पंचांना ते लांबून ओळखू यावेत म्हणून पाठीवरचे आकडेही राखून ठेवलेले, ५० ते ७९. थॉमसचा ७३. सेंटर सोडला तर कारकिर्दीभर चेंडूला हात न लावता खेळायचा हा चेंडूचा खेळ.

त्यांचे आकडेही उलटे असतात. बाकीच्यांचे किती धावा, किती यार्ड, किती झेल असे. लाइनमनच्या नावापुढे दोनच गोष्टी येतात, दोन्ही वाईट. एक, त्याने समोरच्याला धरून ठेवलं म्हणून झालेला दहा यार्डांचा दंड. तेव्हा पंच साऱ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा त्याचा आकडा पुकारतो. दुसरी, त्याच्या बाजूने कुणी घुसून क्वार्टरबॅकला आडवं केलं ती 'सॅक'. बाकी तीन तास तो टीव्हीवर दिसतो खरा, पण दिसत नाही.

थॉमस डावा टॅकल. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने कोण येतंय ते त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरखाली सापडून मोडला, तो सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. थाइझमन पुन्हा खेळला नाही. वॉशिंग्टनचा नेहमीचा डावा टॅकल त्या दिवशी दुखापतीमुळे संघात नव्हता. पुढे १९९३ पासून खेळाडूंना करार संपल्यावर मोकळेपणाने संघ बदलता येऊ लागला, तेव्हा डाव्या टॅकलचा भाव चढत गेला तो गेलाच. पाठ राखणाऱ्याची किंमत कळायला एक हाड मोडावं लागतं, हे मात्र सगळीकडचं सारखं दिसतं.

थॉमस विस्कॉन्सिनचा, मिलवॉकीजवळच्या ब्रुकफील्डचा. जन्म १९८४ चा, उंची साडेसहा फूट. कॉलेजात गोळाफेक आणि थाळीफेकही करायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळताना जानेवारी २००६ मधल्या एका सामन्यात बचावात माणसं कमी पडली म्हणून याला तिकडे उभं केलं आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. दुसऱ्याच्या जागेवर उभा राहिला आणि जखमी झाला. तरी पुढच्या हंगामात परत आला आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनमनचं 'आउटलँड' पारितोषिक घेऊन गेला.

मला तो आवडायला लागला त्याच्या ड्राफ्टच्या दिवसाच्या गोष्टीमुळे. दरवर्षी एप्रिलात एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजच्या पोरांमधून आपले खेळाडू निवडतात. तेव्हा पहिल्या काही जणांना न्यूयॉर्कला बोलवायचे. नवा सूट, आई-वडील, मंचावर मिठी, कॅमेरे. आपल्याकडे बारशालाही एवढा थाट नसतो. २८ एप्रिल २००७ ला थॉमसचा नंबर अगदी वर लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. हा गडी वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे धरायला गेला. क्लीव्हलँडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो बोटीत होता.

पहिला सामना ९ सप्टेंबर २००७ ला, घरच्या मैदानावर, पिट्सबर्गविरुद्ध. ब्राउन्स ७-३४ ने हरले. ज्याची पाठ राखायला थॉमसला आणलं त्या चार्ली फ्रायला सामन्यातच बाहेर बसवलं आणि दोन दिवसांनी थेट सिॲटलच्या संघाला देऊन टाकलं. नोकरीवर हजर झालो आणि मंगळवारी साहेबच बदलून गेला, अशातली गत.

ती नुसती सुरुवात होती. थॉमसच्या अकरा हंगामांत ब्राउन्सचे सहा मुख्य प्रशिक्षक झाले. क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात करणारे किती? वीस. फ्राय, अँडरसन, क्विन, डॉर्सी... माझा सहकारी ही नावं क्रमाने म्हणायचा, अगदी पाढे म्हटल्यासारखी, आणि तेराव्या-चौदाव्याशी अडखळायचा. डाउनटाउनमध्ये एका जाहिरात कंपनीच्या खिडकीत जुन्या क्वार्टरबॅकची जर्सी टांगलेली असायची. नवा आला की जुन्याच्या नावाखाली पट्टी चिकटवून नवं नाव लिहायचे. पट्ट्यांची रांग जर्सीच्या पार खालपर्यंत आली होती. त्या सगळ्यांच्या डाव्या हाताला मात्र माणूस एकच.

या अकरा हंगामांचा हिशोब: ४८ जिंकले, १२८ हरले. पहिल्या वर्षीचे दहा विजय काढले तर उरलेल्या दहा वर्षांत ३८. बाद फेरीचा एकही सामना थॉमसच्या वाट्याला आला नाही. पहिल्या वर्षी १०-६ होऊनही हुकली, नंतर कधी जवळसुद्धा फिरकले नाहीत. आणि याच काळात हा माणूस पहिल्या दहाच्या दहा हंगामांत लीगच्या निवडक खेळाडूंच्या प्रो बोलसाठी निवडला गेला. कारकिर्दीच्या सुरुवातीपासून सलग दहा वेळा हे कुठल्याही ऑफेन्सिव्ह लाइनमनला आधी जमलं नव्हतं. आकडेवारी ठेवणाऱ्यांच्या हिशोबाने ६,६८० पासांच्या वेळी त्याने राखण केली आणि त्याच्याकडून ३० सॅक झाल्या. सव्वादोनशेत एक. बुडत्या जहाजावर एकच खिडकी गळत नव्हती, आणि लोक तेवढी एक खिडकी बघायला जायचे.

त्याच्या निष्ठेचे गोडवे क्लीव्हलँडमध्ये इतके गायले जायचे की मला कधीकधी कंटाळा यायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी त्याची तुलना वारकऱ्याशी केली, तेव्हा मी न राहवून म्हटलं, काका, २०११ मध्ये त्याने सात वर्षांसाठी आठ कोटी चाळीस लाख डॉलरचा करार केलाय, वारकऱ्याला चहासुद्धा दुसऱ्याने पाजावा लागतो. ते हसले, पण मला नंतर वाटलं की मी जरा जास्तच बोललो. २०१५ मध्ये डेन्व्हरला त्याला घ्यायचं होतं. बोलणी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत आली आणि फिसकटली. त्या हंगामात डेन्व्हरने लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला, क्लीव्हलँडने सोळातले तीन सामने जिंकले. पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच जागी, डावा हात जरा पुढे, उजवा पाय टेकवून उभा. पैसे तर बाकीच्या बावन्न जणांनाही मिळत होतेच की.

आता त्या आकड्याकडे येतो. पहिल्या सामन्यातल्या पहिल्या स्नॅपपासून थॉमस एकदाही बाहेर बसला नाही. संघ चाळीसने मागे असो, हंगाम संपलेला असो, गुडघ्यात पाणी झालेलं असो. सामने मोजणं वेगळं, इथे एकेक स्नॅप मोजायचा. १७ सप्टेंबर २०१७ ला त्याने सलग दहा हजारावा स्नॅप खेळला, तोही बाल्टिमोरमध्ये. १९९५ नंतर मूळ ब्राउन्स संघ मालकाने उचलून नेला तो याच शहरात, आणि क्लीव्हलँडला नवा संघ मिळायला १९९९ उजाडलं. माझा सहकारी बाल्टिमोर हा शब्द उच्चारताना आजही चेहरा वाकडा करतो.

एक दिवस बसल्याबसल्या मी गुणाकार केला. एक डाव सरासरी पाच सेकंद धरा. दहा हजारांवर स्नॅप म्हणजे प्रत्यक्ष काम चौदा-पंधरा तासांचं! अकरा वर्षांची कारकीर्द आणि ती सांगोला-मुंबई एसटीच्या जाण्यायेण्याएवढ्या वेळात संपते. बाकी सगळी तयारी त्या पाच सेकंदांची. स्नॅप झाला की तो एका पायाने मागे ढकलत तिरका मागे सरकायचा, पाठ ताठ, ढुंगण खाली, जणू मागे ठेवलेल्या स्टुलावर बसायला निघालाय. हात छातीशी. घाईने मारायचा नाही. समोरचा आधी काय करतो ते बघायचा आणि शेवटच्या क्षणी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर रोवायचा. तेवढ्यात मागे कुणीतरी चेंडू फेकलेला असायचा, बहुधा चुकीच्या माणसाकडे.

आणि तयारीत सगळ्यात मोठं काम खाण्याचं. १४० किलोच्या आसपास वजन टिकवायचं, रोज व्यायाम करून. हे सोपं वाटतं, पण तसं नाही. निवृत्तीनंतर त्याने स्वतःच सांगितलंय की दर दोन तासांनी पोटात काही गेलं नाही तर तो वेडापिसा व्हायचा आणि रात्री झोपण्यापूर्वी दुधाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त करायचा. भूक लागली म्हणून खाणं संपलं होतं, खायचं ठरलंय म्हणून खाणं. खेळ सोडल्यावर वर्षभरात त्याचं पन्नास पौंड, म्हणजे जवळजवळ तेवीस किलो वजन उतरलं. नंतरचे त्याचे फोटो दाखवले तर लोक विचारतात, हा कोण? गाल आत गेलेले, मान दिसतेय. ते वजन त्याचं नव्हतंच. कामावर मिळालेला गणवेश होता, काम सुटल्यावर उतरवून ठेवला.

पण सगळंच उतरवून ठेवता येत नाही, आणि हे लिहिताना मला पिट्सबर्गचा माइक वेबस्टर आठवतो. क्लीव्हलँडहून गाडीने दोन तासांवर पिट्सबर्ग. वेबस्टरही विस्कॉन्सिनचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, थॉमसच्याच विद्यापीठात शिकलेला. १९७४ मध्ये पिट्सबर्गने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. तो सेंटर, भिंतीच्या मधोमध. मरणाच्या थंडीत बाह्या दंडापर्यंत दुमडून खेळायचा. लोक त्याला 'आयर्न माइक' म्हणायचे. चार सुपर बोल जिंकले. पंधरा हंगाम पिट्सबर्गमध्ये आणि दोन कॅन्सस सिटीत. म्हणजे थॉमसला जे काहीच मिळालं नाही ते सगळं वेबस्टरला मिळालं.

खेळ सुटल्यावर त्याच्या डोक्याचं भान सुटत गेलं. संसार मोडला, पैसे गेले. पिट्सबर्गच्या रेल्वे स्थानकावर आणि स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये तो झोपायचा. दात पडले की गोंदाने चिकटवायचा. झोप यावी म्हणून विजेचा झटका देणाऱ्या बंदुकीने स्वतःला बेशुद्ध करायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटलं. आयुष्यभर विजेपासून जपून राहणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलोय, झोपेसाठी अंगावर करंट घेणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येईना.

वेबस्टर २४ सप्टेंबर २००२ ला हृदयविकाराने गेला, पन्नासाव्या वर्षी. शवविच्छेदन बेनेट ओमालू नावाच्या, मूळ नायजेरियाच्या तरुण डॉक्टरकडे आलं. मेंदू वरून ठीक दिसत होता. ओमालूने तरी तो राखून ठेवला, पदरचे पैसे घालून त्याच्या पातळ चकत्या तपासून घेतल्या आणि त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सापडले. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत सापडतात तसे. २००५ मध्ये त्याने निबंध छापला, तर लीगच्या समितीवरचे डॉक्टर तो मागे घ्या म्हणून मागे लागले. पुढे हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले आणि लीगला अब्जभर डॉलरच्या भरपाईची तडजोड करावी लागली.

लाइनमनचं डोकं एका मोठ्या फटक्याने जात नाही, हे यातलं मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. मैदानात कोसळून स्ट्रेचरवरून जाणारे बहुधा दुसरे असतात. लाइनमनला दर स्नॅपला एक छोटी टक्कर. चक्कर येत नाही, कुणी थांबवत नाही, चाळीस सेकंदांत पुन्हा उभं राहायचं. सामन्यात साठ-सत्तर वेळा, सरावात वेगळं. म्हणजे जो आकडा अभिमानाने सांगायचा तोच आकडा या टकरांचाही. थॉमस हे जाणून होता. खेळत असतानाच एका मुलाखतीत त्याने सांगून टाकलं होतं की विसरायला व्हायला लागलंय आणि हे होणार हे आपण धरूनच चाललोय. ते ऐकल्यावर दहा हजाराव्या स्नॅपच्या टाळ्या मला जरा वेगळ्या ऐकू आल्या.

२०१७ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. अण्णा निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी फिरायला गेलो की ते मान वर करून चालायचे, झाडं बघत असतील असं लोकांना वाटायचं. ते इन्सुलेटर बघत असायचे. "लाकडी खांब? अजून?" हे त्यांचं अमेरिकेबद्दलचं पहिलं मत. एकदा मी त्यांना सांगितलं की १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या पाच कोटी लोकांची लाइट गेली होती आणि त्याची सुरुवात या उत्तर ओहायोतच, झाडांना टेकलेल्या तारांपासून झाली. अण्णा चालता चालता थांबले. "फांद्या तोडल्या नसतील," म्हणाले. आणि पुढचं अर्धा मैल काही बोलले नाहीत.

२२ ऑक्टोबरला त्यांना सामन्याला नेलं. आई आली नाही. माणसं एकमेकांवर आदळतात ते बघायला पैसे मोजायचे, हे तिला पटेना. ब्राउन्स तोवर सहाच्या सहा हरलेले, त्यामुळे तिकिटं स्वस्त. स्टेडियमवरचं वीज कंपनीचं नाव अण्णांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, बाकी सगळं सोडा, तो ७३ नंबरचा बघा, तो इथला लाइनमन.

अण्णा तरुणपणी कबड्डी खेळलेले. दोन-चार डाव बघितल्यावर म्हणाले, "म्हणजे डावा कोपरारक्षक." मग त्यांनी चेंडू बघायचं सोडूनच दिलं. सगळं स्टेडियम उजवीकडे वळलं तरी त्यांची मान डावीकडे. मध्येच म्हणाले, "याचे पाय बघ. हात नंतर येतात." थोड्या वेळाने, "घाई नाही त्याला." खांबावर चढणाऱ्या नव्या पोरांना ते हेच सांगायचे, हे मला तेव्हा आठवलं.

खेळ म्हणाल तर रटाळ होता. विरुद्ध टेनेसी, दोन्ही बाजूंना एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार कुणीच गेलं नाही, नुसत्या किकांवर तीन-तीन गुण. तिसऱ्या सत्रात एक साधा धावेचा डाव झाला. माणसांचा ढीग उठला आणि ७३ उठला नाही. डावा दंड उजव्या हाताने धरून तो जमिनीवर होता. मोठ्या पडद्यावर ते दिसलं आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये खालच्या चिप्सवाल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. सगळे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. मग तो उठला आणि हात अंगाशी धरून चालत आत गेला. दंडाचा मागचा स्नायू फाटला होता, हे नंतर कळलं. त्याच्या जागी स्पेन्सर ड्रँगो नावाचा तरुण आला आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं.

मी शेजारच्यांकडे बघत होतो. माझ्या पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस टोपी तोंडावर धरून रडत होता. अण्णांनी विचारलं, "काय झालं याला?" मी म्हटलं, दहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा बाहेर गेलाय. अण्णा म्हणाले, "रजा नाही?" म्हटलं, एकही नाही. त्यांनी मान हलवली. कौतुकाने की नापसंतीने, मला आजवर समजलेलं नाही. सामना जादा वेळेत गेला आणि ब्राउन्स ९-१२ ने हरले, हे सांगायची खरं तर गरज नाही.

थॉमस पुन्हा खेळला नाही. १४ मार्च २०१८ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. मधल्या काळात ब्राउन्सने हंगाम ०-१६ असा संपवला आणि जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत हजारो लोकांनी स्टेडियमभोवती गोल फेरी मारली, शून्याच्या आकाराची, 'परिपूर्ण हंगामा'ची मिरवणूक म्हणून. मी लांबून बघितली. हरण्यात एवढी हौस मी फक्त आमच्या तालुक्यातल्या एका अपक्ष उमेदवाराची पाहिली होती. थॉमसला पुढे २०२३ मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, क्लीव्हलँडहून तासाभरावरच्या कँटनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आता तिथे त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. वेबस्टरचाही तिथेच आहे, १९९७ पासून.

मला सांगायचंय ते मात्र २० सप्टेंबर २०१८ च्या रात्रीचं. ब्राउन्स ६३५ दिवसांत एकही सामना जिंकले नव्हते. एका बिअर कंपनीने शहरभर साखळदंड घातलेले फ्रिज ठेवले होते. पहिला विजय मिळाला की ते आपोआप उघडणार आणि बिअर फुकट. त्या रात्री न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात थॉमसचा सत्कार झाला आणि स्टेडियमच्या कठड्यावर, जिथे जुन्या थोर खेळाडूंची नावं असतात, तिथे एक आकडा उघडला: १०,३६३. सलग स्नॅप. नंतर ब्राउन्स मागून येऊन २१-१७ ने जिंकले, फ्रिज उघडले, सगळं शहर रस्त्यावर आलं. आमच्या कोपऱ्यावरच्या बारमधून जो ओरडा उठला तो मला ओळखीचा होता. सांगोल्यात तो दर पावसाळ्यात ऐकलाय.

त्या आकड्याचा फोटो मी अण्णांना पाठवला. तिकडे सकाळ झाली होती. दहा मिनिटांत फोन.

"हा आकडा त्याचाच का? डाव्या कोपऱ्याचा?"

"हो अण्णा. एकेक स्नॅप मोजून."

ते थोडा वेळ गप्प. १९९६ च्या पावसाळ्यात ते खांबावरून पडले होते, डावं मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर घरी यायच्या आधी ते ऑफिसात जाऊन मस्टर बघून आले होते. त्या दिवसाची हजेरी लागली होती, ते बघूनच घरी आले, आणि हे आई अजून चारचौघांत हसून सांगते.

"ज्याच्यात पडला," अण्णांनी विचारलं, "तो धरलाय का यात?"

"धरलाय. तो पूर्ण खेळला ना तो."

"मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.